ख्रिस्ती माणसानं फौजेत जावं का? (भाचा, आई आणि रोमकरांस पत्र)

जुनीमिल | सोमवार, रात्री

मंडळी, धागा जरा घरगुती आहे, पण घरात सुटेना म्हणून इथं आणलाय.

माझा भाचा एकोणीस वर्षांचा. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि अग्निवीरची तयारी करतोय. रोज पहाटे सोलापूरच्या पार्क मैदानावर पळायला जातो. माझी आई, म्हणजे त्याची आजी, आयुष्यभर बायबलबाई म्हणून, बायबल वाचून दाखवत, मोहोळ-करमाळ्याकडच्या खेड्यांतून फिरली. परवा त्याच्या ताटात भाकरी वाढता वाढता तिनं ऐकवलं, "तलवार धरणारे तलवारीनंच जातील, हे प्रभूनं पेत्राला सांगितलंय. तुला वेगळं सांगायला पाहिजे का?" पोरगं ताटावरून उठलं नाही, पण त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलतात. मी मध्ये.

हे पाळकसाहेबांच्या कानावर गेलं, तर त्यांनी माझ्याच गळ्यात घंटा बांधली. येत्या रविवारी तरुण संघात विषय मी घ्यायचा: नागरिक, कर्तव्य आणि युद्ध. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघणारा माणूस. तरी दोन रात्री शास्त्र उघडून बसलो. अडचण अशी, की वचनं दोन्ही बाजूंना आहेत.

बायबलात पौलाच्या रोमकरांस पत्राचा १३वा अध्याय म्हणतो अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, कर द्या, मान द्या. प्रेषितांच्या कृत्यांत येशूचा शिष्य पेत्र न्यायसभेपुढं सरळ सांगतो की माणसांपेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात दुसरा गाल पुढं करायला सांगितलंय. पण बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडं शिपाई आले आणि "आम्ही काय करावं?" म्हणाले, तेव्हा तो नोकरी सोडा म्हणाला नाही. लोकांना लुबाडू नका, पगारात समाधान माना, एवढंच म्हणाला. कफर्णहूमचा शतपती (शंभर शिपायांचा अधिकारी) आणि दुसरा शतपती कर्नेल्य तर सरळ रोमी फौजेतले, आणि दोघांच्याही विश्वासाचं कौतुकच आहे. उलट दावीद राजा देवाचा एवढा लाडका, पण हात रक्तानं भरलेत म्हणून त्याला मंदिर बांधू दिलं नाही.

मला सगळ्यात जास्त आवडला पौल. आमचं नागरिकत्व स्वर्गात आहे, असं फिलिप्पैकरांना लिहिणारा हाच माणूस. पण यरुशलेमेत त्याला फटके मारायला बांधलं तेव्हा त्यानं स्वर्गाचं नाव काढलं नाही. त्यानं विचारलं, रोमी नागरिकाला चौकशीशिवाय फटके मारणं कायद्यात बसतं का? पुढं थेट कैसराकडं, म्हणजे रोमी सम्राटाकडं, अपील केलं. म्हणजे स्वर्गाचं नागरिकत्व खिशात असूनही रोमचं कार्ड त्यानं बरोबर वेळेला बाहेर काढलं.

आता सांगा, रविवारी काय बोलू? आणि त्याआधी घरात काय बोलू?

कडकभाकरी | सोमवार, रात्री

लई खोलात जायलाव की मामा. आधी पोराची उंची बसायली का बघा, १६८ लागतंय आपल्याकडं. बाकीचं देव आणि भरती मेजर बघून घेतेत.

जुनीमिल | सोमवार, रात्री

१७१ आहे. आणि तुझ्यासारखे दोन मित्र असले की शत्रूची गरज नाही. :)

सरळवाट | मंगळवार, सकाळी

जय ख्रिस्त. यात चर्चा कसली? रोमकरांस १३ स्पष्ट आहे. सत्ता देवानं नेमलेली आहे आणि सत्ताधारी तलवार उगीच धरत नाही, असं तिथंच लिहिलंय. सरकारनं बोलावलं की जायचं. आपल्या समाजाकडं आधीच लोक संशयानं बघतात, त्यात "आम्ही लढणार नाही" असं बोलून हातानं पायावर धोंडा कशाला मारून घ्यायचा?

वसईवाला | मंगळवार, दुपारी

सरळवाट, तुमचं रोमकरांस १३ चं वाक्य आणि शेवटचं वाक्य यांत फरक आहे. एकात शास्त्र आहे, दुसऱ्यात भीती. भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही, पण तिला वचनाचा आधार देऊ नका.

हाच १३वा अध्याय जर्मनीत १९३३ नंतर किती व्यासपीठांवरून वाचला गेला! त्याला उत्तर म्हणून १९३४ साली बार्मेनमध्ये काही प्रोटेस्टंट लोकांनी जाहीरनामा काढला, की मंडळीचा प्रभू एकच, आणि राज्य माणसाच्या सगळ्या जीवनाचा मालक होऊ शकत नाही. त्या गटातला पाळक बोनहोफर पुढं हिटलरविरोधी कटाच्या प्रकरणात ९ एप्रिल १९४५ ला फासावर गेला. आमच्या कॅथलिकांत फ्रान्झ येगरश्टेटर हा ऑस्ट्रियातला शेतकरी. त्यानं हिटलरच्या फौजेत लढायला नकार दिला. बायको, तीन लहान मुली घरी. धर्मगुरूंनीही त्याला समजावलं की घरच्यांचा विचार कर. ऐकलं नाही. ९ ऑगस्ट १९४३ ला त्याचा शिरच्छेद झाला. चर्चनं त्याला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं ते २००७ साली. चौसष्ट वर्षांनी. जिवंत असताना तो एकटाच होता, हे विसरायचं नाही.

जुनीमिल, तुमच्या भाच्याच्या वयाचा एक मुलगा सांगतो. मॅक्सिमिलियन, वय २१, उत्तर आफ्रिकेतलं तेवेस्ते, साल २९५. बाप फौजेतला जुना माणूस, पोराला भरतीसाठी उभं केलं. पोरगं म्हणालं, मी ख्रिस्ती आहे, मला लढता येणार नाही. अधिकाऱ्यानं उत्तर दिलं ते फार मार्मिक आहे: अरे, खुद्द सम्राटाच्या पथकात ख्रिस्ती शिपाई आहेत की! त्यावर हा म्हणाला, त्यांना काय योग्य ते त्यांना ठाऊक, मी ख्रिस्ती आहे. मारला त्याला. बापानं नोकरीसाठी शिवलेले नवे कपडे त्यानं मारेकऱ्याला द्यायला सांगितले.

म्हणजे तिसऱ्या शतकातही दोन्ही प्रकारचे ख्रिस्ती होते. तुमच्या घरातलं भांडण सतराशे वर्षांचं जुनं आहे, एकट्यानं रविवारपर्यंत मिटवायचा ताण घेऊ नका.

सरळवाट | मंगळवार, दुपारी

हिटलर आणि भारत सरकार एका तराजूत?

वसईवाला | मंगळवार, संध्याकाळी

नाही हो. भारताच्या फौजेत जाणं पाप आहे असं मी म्हटलंच नाही. चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइननंतर राज्यच ख्रिस्त्यांच्या हाती आलं, तेव्हा धर्मपंडित ऑगस्टिनला न्याय्य युद्धाचा विचार करावाच लागला. पुढं थॉमस अक्वायनसनं तीन अटी घातल्या: हुकूम अधिकृत सत्तेचा हवा, कारण न्याय्य हवं, हेतू शुद्ध हवा. कॅथलिक चर्च आजही त्याच वाटेवर आहे, फक्त अटी आणखी कडक झाल्यात.

मला खुपतं ते असं, की या अटी राजानं तपासायच्या आहेत. शिपायाला कोण विचारतो? त्याबद्दल नीट लिहिलं ते आमच्या विरोधकानं, प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरनं, १५२६ मध्ये. शिपायाचं काम देवाला चालतं म्हणाला. पण युद्ध अन्यायाचं आहे याची खात्री असेल तर जाऊ नको, जे सोसावं लागेल ते सोस. खात्री नसेल तर हुकूम पाळ. पहिला निम्मा भाग लोक विसरतात. आणि मेनोनाइट, क्वेकर या प्रोटेस्टंट पंथांनी तर तलवारच नको म्हणून शेकडो वर्षं तुरुंग आणि देशोधडी सोसली, तेही याच शास्त्राचा हवाला देऊन.

निवृत्त_सुभेदार | मंगळवार, रात्री

मी ख्रिश्चन नाही, मंगळवेढ्याकडचा वारकरी घरातला माणूस. २४ वर्षं नोकरी झाली. थोडं बोलतो.

फौजेत धर्मगुरू जेसीओ (कनिष्ठ अधिकारी) असतात. पंडित, ग्रंथी, मौलवी तसा पाद्रीही. नाताळला केक सगळी कंपनी खाते. ईशान्येकडची आणि झारखंडकडची कितीतरी ख्रिश्चन पोरं माझ्याबरोबर होती, संध्याकाळी गिटारवर भजनं म्हणायची. १९७१ च्या लढाईत गंगासागरला १४ गार्ड्स पलटणीचा लान्स नायक अल्बर्ट एक्का गेला, परमवीर चक्र आहे. ख्रिश्चन, उरांव समाजातला. त्याला कोणी विचारलं नव्हतं की तुझ्या पुस्तकात काय लिहिलंय.

आजीबाईंना माझा नमस्कार सांगा. पण गोळी चालवायची वेळ बहुतेकांवर येतच नाही. येते ती थंडी, पहारा आणि घरची आठवण.

अक्कलकोट_रोड | मंगळवार, रात्री

सुभेदारसाहेब, मग त्या ख्रिस्ती अधिकाऱ्याचं काय? रेजिमेंटच्या मंदिराच्या गाभाऱ्यात पूजेला जायला नकार दिला म्हणून बडतर्फ झाला. दिल्ली उच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये फौजेची बाजू धरली, नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही.

निवृत्त_सुभेदार | मंगळवार, रात्री

माहीत आहे. स्पष्ट सांगतो, जवानांबरोबर अधिकाऱ्यानं आत जावं असंच मला वाटतं. तिथं तो पूजा करायला जात नाही, पोरांबरोबर उभा राहायला जातो. लढाईला जाताना ती पोरं ज्याच्या नावानं ओरडतात, त्याच्या दारात साहेब बाहेर थांबला तर पोरांना लागतं.

अक्कलकोट_रोड | मंगळवार, रात्री

आणि साहेबाच्या मनाला लागलं तर? तो दारापर्यंत येत होताच की.

कायदेकानू | बुधवार, सकाळी

भांडू नका, दोन निकाल शेजारी ठेवून बघा.

१९८५ साली केरळात यहोवाचे साक्षीदार पंथाच्या तीन भावंडांना शाळेतून काढलं. राष्ट्रगीताला उभी राहायची, पण गायची नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट १९८६ ला मुलांच्या बाजूनं निकाल दिला: आदरानं उभं राहणं पुरेसं आहे, गायची सक्ती करणारा कायदा नाही, आणि घटनेच्या अनुच्छेद २५ मधलं सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य त्या मुलांनाही आहे. (मुख्य प्रवाहातली चर्चेस या पंथाला आपलं मानत नाहीत, पण हक्क मिळवून दिला तो त्यांनीच.)

गणवेशाची गोष्ट वेगळी. अनुच्छेद ३३ मुळं सैनिकांच्या मूलभूत हक्कांना संसद मर्यादा घालू शकते. भरती झालेला माणूस त्यातले काही हक्क जाणूनबुजून दारात ठेवून आत जातो. भाच्याला ही गोष्ट भरतीआधी कळायला हवी. निकाल पटो न पटो.

आणखी एक. आपल्याकडं सक्तीची लष्करभरती नाही. अनुच्छेद ५१क मध्ये बोलावणं आल्यास राष्ट्रसेवा करण्याचं कर्तव्य लिहिलंय, ते १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनं आलं, पण त्याच्यामागं शिक्षा नाही. म्हणून येगरश्टेटरचा प्रसंग इथं कोणावर आलेला नाही. इथं जातो तो स्वतःच्या पायानं.

कडकभाकरी | बुधवार, दुपारी

स्वतःच्या पायानं नाही ओ, पोटाच्या पायानं. चार वर्षं, मग शंभरातले पंचवीस ठेवणार, बाकीचे परत पार्क मैदानावर.

सेटलमेंटची | बुधवार, रात्री

तीन दिवस वाचतेय, लिहू की नको करत. तुमचं सगळं युद्धाभोवती फिरतंय. नागरिक या शब्दावर मला बोलायचंय.

माझी पणजी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या आत जन्मली. नवीन पोरांना नाव माहीत असतं, गोष्ट माहीत नसते. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यानं काही जमातींच्या कपाळावर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. कैकाडी, पारधी, टकारी, भामटे, कितीतरी. गुन्हा केला म्हणून नाही, त्या आईच्या पोटी आला म्हणून. आपल्याकडं तारेचं कुंपण, ठरलेल्या वेळी हजेरी, बाहेर जायचं तर पास. बाप्ये-बाया गिरणीत कामाला, आणि भोंगा झाला की परत तारेच्या आत.

अशा वसाहती चालवायला सरकारनं ठिकठिकाणी मिशनांना बोलावलं होतं. आमच्याकडंही मिशन होतं. नाव घेत नाही, कारण माझ्या मनात राग आणि उपकार दोन्ही आहेत. पणजी तिथल्याच शाळेत अक्षर शिकली. तिथंच बाप्तिस्मा झाला. तिनं शिकून आजीला शिकवलं, आजीनं आईला, आणि मी आज इथं टाईप करतेय. पण हजेरीचं पुस्तकही त्याच व्यवस्थेच्या हातात होतं. रविवारी उपासनेत रोमकरांस १३ वाचला जायचा आणि सोमवारी हजेरी. पणजी म्हणायची, "साहेब चांगला होता गं, पण तार त्याला दिसत नव्हती."

कायदा उठला ३१ ऑगस्ट १९५२ ला. देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं झाल्यावर. तो आम्ही विमुक्त दिन म्हणून पाळतो. १५ ऑगस्टला झेंड्याला सलाम करतेच, पण आमच्या घरात गोड होतं ते ३१ तारखेला.

म्हणून सरळवाट दादा, सत्तेच्या अधीन राहा एवढंच सांगून थांबू नका. हजेरी घेणारा आणि देणारी, दोघांनी तेच वचन पाळलं. चांगल्या माणसांनी वाईट कायदा नीट चालवला. रविवारी पोरांना हे सांगा, जुनीमिल. बंदुकीचा प्रश्न एखाद्याला पडतो, हा सगळ्यांना पडतो.

जुनीमिल | बुधवार, रात्री

ताई, सेटलमेंटच्या पोरांबरोबर मी शाळेत होतो, आणि हे मला कधीच कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

विजापूर_वेस | गुरुवार, सकाळी

ताईंनी दार उघडलंच आहे तर मीही आत येतो.

नागरी कर्तव्य म्हणजे मतदान, बरोबर? पाळक दर निवडणुकीआधी व्यासपीठावरून सांगतात, मत द्या, प्रार्थना करून द्या. देतो. आता सोलापूर लोकसभा २००९ पासून अनुसूचित जातीसाठी राखीव आहे. विधानसभेला मोहोळ आणि माळशिरसही. माझे आजोबा ज्या वस्तीत जन्मले, ज्या विहिरीवर त्यांना पाणी मिळायचं नाही, ते सगळं आमच्या चुलत घराण्याचं आणि आमचं एकच. ते हिंदू राहिले किंवा बौद्ध झाले, त्यांना अनुसूचित जातीचा दाखला मिळतो. आम्ही ख्रिस्ती झालो, आम्हाला नाही. अनुसूचित जाती ठरवणाऱ्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात मुख्यतः हिंदूच होते, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. आम्ही अजून रांगेत. २०२२ मध्ये याच प्रश्नावर केंद्रानं माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला.

राखीव जागेवर मी मत देऊ शकतो, उभा राहू शकत नाही. विहिरीवर मात्र अजूनही कोणी विचारत नाही की तुम्ही कोणत्या चर्चचे.

सरळवाट | गुरुवार, सकाळी

दादा, पण आपण ख्रिस्तात जात सोडली ना? मग जातीचा दाखला कशाला मागायचा?

विजापूर_वेस | गुरुवार, सकाळी

आम्ही सोडली. तिनं आम्हाला सोडलं का? तुमच्याच मंडळीत लग्नं जुळवताना काय विचारतात, ते इथं लिहू का?

वसईवाला | गुरुवार, दुपारी

लिहू नका, आमच्याकडंही तेच विचारतात.

एक आठवण म्हणून: घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी बंगाली ख्रिस्ती होते, अल्पसंख्याकांच्या उपसमितीचे अध्यक्षही. ख्रिस्ती प्रतिनिधींनी धर्माच्या नावावर वेगळ्या जागा नकोत, सगळ्यांबरोबर राहू, अशी भूमिका घेतली. मोठ्या मनाची गोष्ट होती, मला तिचा अभिमान आहे. पण त्या मोठ्या मनाची किंमत कोणी मोजली, हे विजापूर_वेस यांचं वाचून पहिल्यांदा नीट कळलं.

अक्कलकोट_रोड | गुरुवार, दुपारी

अवांतर: १९३० ला सोलापुरात मार्शल लॉ लागला, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघं फासावर गेले. धनशेट्टी, कुर्बान हुसेन, सारडा, शिंदे. त्यांच्या चार पुतळ्यांत तुमचं, म्हणजे ख्रिस्ती, कोणी नाही.

जुनीमिल | गुरुवार, रात्री

नाही. खरं आहे. लहानपणी मी पण मोजलं होतं: लिंगायत, मुसलमान, मारवाडी, मराठा. तेव्हा परदेशी मिशनऱ्यांना इथं राहायचं तर राजकारणात न पडण्याची लेखी हमी सरकारला द्यावी लागे. पाळक, मास्तर, नर्सबाई यांचा पगार त्यांच्या हातून यायचा. त्यामुळं बरेच जण गप्प राहिले असणार. पण ख्रिस्ती म्हटला की गप्प, असंही नाही. टिळकांचे वकील आणि होमरूलवाले काका बॅप्टिस्टा कोण होते? रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती झाल्यावर देशावरच्या कविता थांबवल्या का?

एवढं खरं की पुतळे मोजायची सवय मला अजून गेलेली नाही.

कडकभाकरी | गुरुवार, रात्री

मामा, पुतळ्यावरनं आठवलं. आपले भैय्या चौकातले कोटणीस डॉक्टर बघा की. १९३८ ला चीनला गेले, जपानची बॉम्बफेक चालू असताना जखमी शिवत बसले, ९ डिसेंबर १९४२ ला तिकडंच वारले. वय ३२. बंदूक नाही धरली, लढाई सोडली नाही. आजीला पण चालतंय, पोराला पण चालतंय. नर्सिंग असिस्टंटला टाका म्हणावं.

वसईवाला | गुरुवार, रात्री

भाकरीराव, पहिल्यांदा कामाचं बोललात. अमेरिकेत डेस्मंड डॉस नावाचा, अॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचा शिपाई असाच होता. बंदुकीला हात लावला नाही, १९४५ ला ओकिनावात कड्यावरून जखमींना दोरानं एकेक करून खाली सोडलं. त्यांचं सर्वोच्च पदक मिळालं.

जुनीमिल | गुरुवार, रात्री

नर्सिंग असिस्टंटला बारावी सायन्स लागतं, जीवशास्त्रासकट. आमचं कॉमर्स. बेडूक कापावा लागतो म्हणून सायन्स घेतलं नव्हतं गड्यानं.

सेटलमेंटची | गुरुवार, रात्री

बेडूक नको आणि अग्निवीर हवं! आजीला हे सांगितलंत का?

जुनीमिल | शुक्रवार, रात्री

काल रात्री आईजवळ बसलो. मॅक्सिमिलियन सांगितला, योहान आणि शिपाई सांगितले, सुभेदारसाहेबांचा नमस्कार सांगितला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे सगळं राहू दे. मला सांग, फौजेत शपथ घ्यायला लावतात ना?"

म्हटलं हो, कसम परेड असते.

"मुळीच शपथ वाहू नका, तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही असावं. मत्तय, पाचवा अध्याय. मी कोर्टात साक्षीला गेले होते शहात्तर साली, तिथं पण शपथ घेतली नाही. माझा नातू पुस्तकावर हात ठेवून शपथ घेणार?"

मी गपगार. आठ दिवस आम्ही तलवारीवर बोलतोय आणि बाई अडलीय शपथेवर. सुभेदारसाहेब, कायदेकानू, यावर काही आहे का?

कायदेकानू | शनिवार, सकाळी

आहे, आणि मातोश्रींना दंडवत. क्वेकर लोकांनी नेमकं याच वचनासाठी इंग्लंडमध्ये तुरुंग भोगला, मग तिथल्या कायद्यानं त्यांना शपथेऐवजी नुसतं कथन करायची मुभा दिली. तिथून ती वाट आपल्याकडं आली. आमदार-मंत्री शपथ घेतात तेव्हा ऐका: कोणी "ईश्वरसाक्ष शपथ घेतो" म्हणतो, कोणी "गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो". १९६९ च्या शपथ कायद्यात कोर्टासाठीही हीच सोय आहे. १९५० च्या आर्मी ॲक्टमध्येही शपथ किंवा दृढकथन असे दोन्ही शब्द आहेत.

निवृत्त_सुभेदार | शनिवार, दुपारी

बरोबर. हिंदीत "सत्यनिष्ठा से प्रतिज्ञान करता हूँ" म्हणतात. ट्रेनिंग सेंटरला पोचल्यावर आधीच धर्मगुरूंना सांगून ठेवायचं, ऐन परेडला नाही. ऐन परेडला कोणी काही ऐकत नाही.

जुनीमिल | रविवार, रात्री

झाली एकदाची सभा. पंचवीस पोरं होती, नेहमी बारा असतात. मी न्याय्य युद्धाच्या तीन अटी फळ्यावर लिहिल्या, कोणी उतरवून घेतल्या नाहीत. सेटलमेंटचं सांगितलं तेव्हा मात्र मागच्या बाकावरचे मोबाईल खाली गेले. दोन मुली नंतर येऊन म्हणाल्या, आमची पण पणजी तिथलीच. ताई, तुमचा निरोप पोचला. दाखल्याचा विषय निघाला तेव्हा पंचायतीतले एक वडील म्हणाले, हे राजकारण झालं, पुढं चला. पुढं गेलो नाही.

आई पहिल्या बाकावर होती, एक शब्द बोलली नाही.

घरी आल्यावर सुभेदारसाहेबांचं ते हिंदी वाक्य तिनं वहीच्या कागदावर माझ्याकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतलं. आता पोरगं मैदानावरून आलं की चहाच्या आधी ते त्याच्याकडून म्हणून घेणार म्हणते. बोलाचाली सुरू झालीय दोघांची, मुख्यतः "सत्यनिष्ठा"च्या उच्चारावरून.

तलवारीचं काय, विचारलं. म्हणाली, "ते अजून राहिलंय."